दुधाची ओळ

मी लिहावे असे माझ्याकडे फारसे काही नाही. तरीही वाचकांचा वेळ घेते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. पन्नाशी उलटल्यावर प्रोग्रामिंग शिकलेल्या बाईने त्यावर लेखही लिहावा, हा आगाऊपणाच आहे.

लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी आंब्याच्या रोगांचा अभ्यास करते. शहराजवळच्या बख्शी का तालाब भागातल्या बागांतून आणलेल्या पानांवरचे डाग डोळे ताणून मोजण्याचा कंटाळा आला, तेव्हा फोटोवरून ते मोजणारा एक प्रोग्राम मी इंदिरा नगरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिला. तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला. अट एकच: वापरा, बदला, फक्त वरची माझ्या नावाची ओळ राहू द्या. एवढे मागतानाही मला संकोच वाटला होता.

पुढे आमच्याच संस्थेत एका खासगी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याने ‘आमच्या टीमने शून्यातून घडवलेला’ प्रोग्राम सादर केला. पडद्यावर कोड सरकू लागला आणि ते शून्य माझ्या चांगल्याच ओळखीचे निघाले. नावाची ओळ गेली होती. मधली माझी मराठी टिप्पणी मात्र सुखरूप होती: ‘दूध उतू जाईल, उरलेले नंतर.’ अशा टिप्पण्या माणसांसाठी असतात. संगणक त्या वाचतही नाही.

आमच्या संचालकांनी विचारले, “ये क्या लिखा है?”

“सर, इंटरनल मॉड्यूल का नोट है,” अधिकारी गंभीरपणे म्हणाला.

आयुष्यात प्रथमच मी भर सभेत हात वर केला. “ये लाइन आपने हटाई क्यों नहीं?”

“मैडम, समझ में नहीं आई, तो किसी ने छुआ नहीं. हटाते और प्रोग्राम बंद हो जाता तो?”

“और ऊपर एक नाम था, वो?”

“नाम हटाने से तो कुछ नहीं रुकता, मैडम.”

“वो नाम मेरा था.”

त्याचा चेहरा उजळला. “अरे वाह! यानी आप हमारी सबसे पुरानी यूज़र हैं!”

टाळ्या झाल्या. सवयीने मीही वाजवल्या. शेवटच्या स्लाइडवर सभागृहाचे, माइकवाल्यांचे आणि समोसेवाल्यांचे मनःपूर्वक आभार होते. कृतज्ञतेत कंपनीने कसूर केली नव्हती.

घरी हे ऐकून लेक उसळली. “आई, वहीं ज़ोर से बोलना था ना!”

“बोलले गं.”

“तुम्हारा बोलना किसी को सुनाई देता है? अगली बार नाम भी दूध वाली लाइन में लिख देना.”

पानांवरचा करपा रोग ओळखणारा माझा नवा प्रोग्राम आता तयार आहे. पहिल्या ओळीत नाव आहे, अटही तीच आहे आणि माझे बोट बटणावर अडले आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर तो सर्वांसाठी खुला केला असता का?