प्रेरणेची ॲलर्जी असलेल्या कुंदाताई

"तुमची प्रेरणा काय?" असं कुणी विचारलं की कुंदाताई आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघायच्या. पायांवरून माणूस किती पाण्यात आहे ते कळतं, असं त्यांचं मत होतं. मग उत्तर यायचं, आणि ते दर वेळी वेगळं असायचं. आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभात त्या म्हणाल्या, "वर्गात गणित असायचं, मैदानावर नसायचं." एका स्थानिक वर्तमानपत्राची मुलगी आली होती, तिला त्यांनी सांगितलं, "सरावानंतर उकडलेली अंडी मिळायची. घरी मिळत नव्हती." दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'जिद्द आणि देशप्रेम हीच माझी प्रेरणा!' ते कात्रण त्यांनी फ्रिजच्या दारावर चिकटवलं. पाहुणे आले की दार उघडायच्या, आतल्या अंड्यांकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे बघा माझं देशप्रेम."

त्या गेल्या तेव्हा सोसायटीच्या शोकसभेत चौघांनी त्यांचा उल्लेख 'प्रेरणास्थान' असा केला. त्या हजर नव्हत्या हे चौघांचंही नशीब.

एके काळी कुंदा सावंत हे नाव खो-खोच्या मैदानावर मोठं होतं. राज्याच्या संघाच्या त्या कर्णधार होत्या. खांबावरून सूर मारून गडी बाद करायचा तर त्यांनीच, असं जुने लोक सांगतात. मी तो सूर पाहिलेला नाही. कल्याणला आमच्या खडकपाड्याच्या इमारतीत त्या राहायला आल्या तेव्हा त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता आणि त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे सहानुभूती माझ्या जिभेवर तयारच असते. म्हटलं, "खेळाडूच्या वाट्याला असं यावं, केवढी शोकांतिका!" त्या पायरीवर थांबल्या. म्हणाल्या, "शोकांतिका वगैरे काही नाही गं मास्तरीणबाई, लिफ्ट बंद आहे." त्या दिवसापासून मी मास्तरीणबाई झाले ती कायमची.

खेळाच्या जोरावर त्यांना एका कचेरीत नोकरी मिळाली होती. गुडघा होता तोवर साहेब त्यांच्याबरोबर फोटो काढून घ्यायचे. गुडघा गेला आणि त्यांची रवानगी आवक-जावक विभागात झाली. "आधी मी गडी बाद करायचे, नंतर पाकिटं बाद करायला लागले," असं त्या म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर ती नोकरी टिकवली आणि आई गेल्यावर सोडून दिली. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. "आता या वयात काय करणार?" असं विचारणाऱ्या भावजयीला त्यांनी सांगितलं, "तुझ्याकडे राहायला येते." त्यानंतर भावजयीने पुन्हा काही विचारलं नाही.

मग सुरू झाल्या त्यांच्या नव्या नव्या कारकिर्दी. पहिली टिटवाळ्याच्या एका बिल्डरकडे, फ्लॅट दाखवायची. जाहिरातीत लिहिलेलं असायचं, 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर'. डोंबिवलीहून आलेल्या एका जोडप्याने खात्री करून घ्यायला विचारलं, "खरंच पाच मिनिटं ना हो?" कुंदाताई म्हणाल्या, "हो, पाचच. मी खेळत होते तेव्हा." जोडपं हसलं आणि निघून गेलं. बिल्डर हसला नाही. दुसरी कारकीर्द बायकांच्या व्यायामवर्गाची. तिथे त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुम्हाला घाम नको, दम लागायला नको, फक्त वजन कमी व्हायला हवं. मग वजनकाट्याचीच दुरुस्ती करून आणा." वर्ग हळूहळू रिकामा झाला. वजनं तेवढी जागेवर राहिली.

तिसरी कारकीर्द मात्र चालली, आणि अशी चालली की त्या स्वतःच घाबरल्या. निनाद नावाचा एक तरुण त्यांना शोधत आला. कंपन्यांमध्ये, महिला मंडळांत प्रेरणादायी भाषणं ठरवून देणं हा त्याचा व्यवसाय. केस असे उभे की जणू त्यांनाही कुणी प्रेरणा दिली असावी. "मॅडम, तुमची स्टोरी सॉलिड आहे, फक्त पॅकेजिंग पाहिजे," असं म्हणून त्याने भाषणाला नाव दिलं, 'गुडघ्यापासून गगनापर्यंत'. पहिल्याच कार्यक्रमाआधी तो हळूच म्हणाला, "मॅडम, स्टेजवर जाताना जरा लंगडाल का? इफेक्ट येतो."

"लंगडायला कशाला सांगतोस? पायऱ्या ठेव चार जास्त, आपोआप येईल," कुंदाताई म्हणाल्या.

लोकांना त्यांचं बोलणं आवडायचं. त्या टोचून बोलायच्या आणि लोक टाळ्या वाजवायचे. हल्ली पैसे मोजून बोलणी खायची पद्धत आहे. शेवटी मात्र निनादने लिहून दिलेलं एक वाक्य त्यांना म्हणावंच लागे, "भीती सोडा, झेप घ्या!" ते म्हणताना त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा व्हायचा. प्रेक्षकांना वाटायचं, भावना अनावर झाल्या आहेत. मी दोनदा गेले होते ऐकायला. दोन्ही वेळा शेजारची बाई रडत होती.

अशाच एका रडणाऱ्या बाईने त्यांची ही कारकीर्द संपवली. आम्ही दोघी बाजारात मेथी निवडत होतो. समोरून एक चाळिशीची बाई आली आणि कुंदाताईंच्या पायाच पडली. वैशाली तिचं नाव. ठाण्याच्या एका कंपनीत हिशेब बघायची. "तुमचं भाषण ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला, ताई. घरी केक करते आता. माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं ते."

"मग? कसं चाललंय?" कुंदाताईंनी विचारलं.

वैशाली हसली. ते हसणं अर्ध्यावरच थांबलं. केक चांगले होत होते, पण रिक्षातून पोहोचेपर्यंत क्रीम एका बाजूला घसरायचं आणि लोक परत पाठवायचे. नवरा बोलेनासा झाला होता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की सुनेने चांगली नोकरी लाथाडली. "पण मी हरणार नाही, ताई. तुम्हीच म्हणालात ना, झेप घ्या."

कुंदाताईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "अगं, मी झेप घ्यायचे तेव्हा आदल्या दिवशी आम्ही खांबाजवळची माती खणून, पाणी मारून मऊ करून ठेवायचो. नाहीतर पहिल्याच सुरात छाती फुटली असती. हे मी सांगितलंच नाही का कुणाला?"

"नाही," वैशाली म्हणाली.

घरी येऊन त्यांनी निनादला फोन लावला आणि यापुढची सगळी भाषणं बंद म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. निनाद उत्साहाने म्हणाला, "मॅडम, हीच तर तुमची नवी स्टोरी! 'माती मऊ करा.' काय टायटल आहे!" कुंदाताईंनी फोन ठेवला. मला म्हणाल्या, "या पोराला बाद करता येत नाही गं. कितीही पळवा, हा दमत नाही."

पुढच्या रविवारी त्या वैशालीच्या दारात उभ्या राहिल्या, स्वतःची जुनी स्कूटर घेऊन. आधी केक पोहोचवायला शीक, स्वप्नाचं मागाहून बघू, असं त्यांचं म्हणणं. मोहन्याला जुन्या रेयॉन कारखान्याच्या पलीकडे एक मोकळं मैदान होतं, तिथे शिकवणी सुरू झाली. वैशालीची वहिनी आली, वहिनीची मैत्रीण आली, आणि बघता बघता ती कुंदाताईंची चौथी कारकीर्द झाली. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना स्कूटर शिकवणं. वैशालीचे केक पुढेही बेताचेच चालले. तिने आंबिवलीत पुन्हा हिशेबाची नोकरी धरली आणि केक फक्त शनिवार-रविवारी करू लागली. भाषणात सांगण्यासारखा हा शेवट नव्हे. नवरा बोलायला लागला एवढं खरं.

पायामुळे कुंदाताईंना गाडीमागे धावता येत नसे. त्या मैदानाच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि तिथून ओरडायच्या. "ब्रेक दाब आधी, देवाचं नाव नंतर घे!" "पाय खाली सोडून चालवायची असेल तर चालतच जा ना, पेट्रोल कशाला जाळतेस?" एक बाई पडली आणि रडायला लागली, तेव्हा तिला त्यांनी शांतपणे विचारलं, "लागलंय की लोकांनी पाहिलंय?" पाहिलंय, असं ती म्हणाली. "मग ऊठ. लोक विसरतात. मला नाही का विसरले."

निवृत्त झाल्यावर मीही शिकले. आमच्या ह्यांनी "या वयात हाडं मोडून घ्यायचीत का?" असं विचारलं, म्हणून जरा लवकरच शिकले. पण खडकपाड्याच्या आतल्या गल्ल्या सोडून बाहेर पडले नव्हते, आणि मागे कुणाला बसवायचा तर प्रश्नच नव्हता.

अशात कुंदाताईंना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. त्या जिवंत आहेत हे पुरस्कार देणाऱ्यांना जरा उशिराच कळलं होतं. "माझ्या जीवनाचा गौरव? बघितलंय का यांनी माझं जीवन?" असं म्हणाल्या खऱ्या, पण आईची जांभळी पैठणी त्यांनी कपाटातून काढली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "कसर लागेल म्हणून नेसतेय."

कल्याणच्या नाट्यगृहात तीनचा कार्यक्रम. प्रमुख पाहुणे 'निघाले' होते. ते निघालेच राहिले आणि तोवर कुणीतरी गाणी म्हणत होतं. सत्कारमूर्ती मंचावर ओळीने बसलेले, घामाने डबडबलेले. साडेचार झाले तशा कुंदाताई उठल्या आणि विंगेतून मला खूण केली.

"गाडी आणलीस?"

"आणली, आतल्या गल्ल्यांनी. पण कुंदाताई, पुरस्कार?"

"पाचला शांताबाई यायच्यात. आज पहिल्यांदा एकट्या चालवणार आहेत. टिटवाळ्याहून येतात, घरी देवळात जाते म्हणून सांगून. त्या बिचारीला मैदानात उभं करून मी इथे पंखा बघत बसू?"

"पण मी कधी कुणाला मागे घेतलेलं नाही!"

"मग आज घे."

शहाडच्या पुलावर मी देवाचं नाव आधी घेतलं. डावीकडून टेम्पो, उजवीकडून ट्रक, आणि मागे पैठणी नेसलेली माजी कर्णधार. पुलाच्या चढावर त्या अचानक म्हणाल्या, "ते लोक यादी वाचणार होते गं. कुठे कुठे खेळले, काय काय जिंकलं, त्याची. मीच पाठवलेली. मोठ्याने कुणी वाचलीच नाही कधी ती." आवाज नेहमीचा नव्हता.

"परत जाऊ या का?" मी मान वळवली.

"समोर बघ!" त्या किंचाळल्या. नेहमीचा आवाज परत आला.

मैदानावर शांताबाई उभ्या होत्या. डोक्यावर हेल्मेट, हातात देवळाची परडी, चेहऱ्यावर फाशीच्या कैद्याचे भाव. कुंदाताईंनी पैठणीचा पदर खोचला आणि खुर्चीत बसल्या. शांताबाईंनी परडी माझ्याकडे दिली आणि माझीच गाडी सुरू केली. तेवढ्यात फोन वाजला. आयोजक होते. "मॅडम, कुठे आहात? पाहुणे आले! तुमचं नाव पुकारतोय!"

"मला जमायचं नाही आता," कुंदाताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही वाचा ना यादी. फोन चालू राहू दे."

आयोजकांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी फोन खरंच चालू ठेवला. कुंदाताईंनी स्पीकर लावून फोन मांडीवर ठेवला. नाट्यगृहातला घुमणारा आवाज मोहन्याच्या त्या ओसाड मैदानावर यायला लागला. एकेक स्पर्धा, एकेक गाव, एकेक साल. शांताबाई नागमोडी वळणं घेत पलीकडच्या भिंतीकडे निघाल्या होत्या. कुंदाताईंची नजर त्यांच्यावर आणि कान मांडीवर. ओठ हलत होते, प्रत्येक नावाबरोबर. डोळे भरले होते, पण पापणी लवत नव्हती. मध्येच त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "ब्रेक!" शांताबाई भिंतीच्या हातभर अलीकडे थांबल्या. नाट्यगृहातला निवेदकही थांबला.

"तुम्ही नाही हो, तुम्ही वाचा," कुंदाताई फोनमध्ये म्हणाल्या.

यादी संपली. टाळ्या ऐकू आल्या, बराच वेळ. कुंदाताईंनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या, फोन बंद केला आणि पदराने नाक पुसलं.

"दोन स्पर्धा गाळल्या मेल्यांनी," त्या म्हणाल्या. मग भिंतीशी उभ्या असलेल्या शांताबाईंना हाक मारली, "छान थांबलात! आता या अशाच वळवून. सावकाश. मी बसलेय इथे."