दोन आखूड, एक लांब

मामांना पाखरांतलं कळत नाही, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या पिंजऱ्यांवर बत्तीस वर्षं राबलेला माणूस. पाखराची नुसती मान बघून दुखणं सांगायचा. साहेबासमोर मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही. सगळा जीव शिट्टीत. दोन आखूड, एक लांब. लग्नाआधी मामींच्या खिडकीखाली उभं राहून हीच शिट्टी मारायचे आणि मामी अर्धी वेणी तशीच टाकून खाली धावायच्या. पुढे पिंजऱ्यात शिरतानाही तीच तोंडात बसली.

अशा माणसाच्या हाती चार अंडी आली. पिवळ्या गळ्याच्या डोंगरी पाखराची, बहुधा शेवटची. आईबाप गारपिटीत गेलेले. तीन पिल्लं जगली, तिन्ही नर. मामा दर वीस मिनिटांनी चिमट्यानं किडे भरवायचे. "पोटच्या पोरांसाठी कधी एवढं केलं नाहीत," मामी म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंनी एक टेप दिली होती. पूर्वी कुणीतरी रानात भरून आणलेलं नराचं गाणं. "मामा, सकाळ-संध्याकाळ तासभर लावायची. गाणं हे पोटातून घेऊन येत नाहीत, ऐकूनच शिकतात."

मामांनी लावली. जुनी टेप, नुसती खरखर. पिल्लं कोपऱ्यात अंग चोरून थरथरायची. मामांना बघवेना. चौथ्या दिवशी त्यांनी टेप बंद केली, वहीत "लावली" असं लिहिलं आणि पिल्लांची भीती जावी म्हणून शिट्टी वाजवत बसले. पुढे रोजच. अहो, माया ती! मायेला कुठे अक्कल असते?

दोन वर्षांनी सगळे डोंगर पालथे घालून एक मादी सापडली. एकच. तिला आणलं त्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून आले, सोयरीक जुळवायला निघाल्यासारखे. जाळीपलीकडे थोरल्या नरानं गळा फुगवला, पिसं पसरली आणि जीव ओतून गायला: दोन आखूड, एक लांब.

मादीनं मान वळवली, ऐकलं आणि पुन्हा दाणे टिपू लागली. तिच्या लेखी तिथं कुणी नरच नव्हता.

मामांनी तिथंच सगळं कबूल केलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. मग टेप दिवसभर वाजवली, पण पालथ्या घड्यावर पाणी. शिकायचं वय पहिल्या वर्षातच सरलं होतं. नळीनं, सुईनं नराचं बीज मादीच्या पोटात सोडायचे उपायही झाले. तीन हंगाम मादीनं अंडी घातली. तिन्ही वेळा पोकळ.

एकदा बाईंनी मामांना डोंगरावर नेलं. कडू फळांची उंच झाडं, खाली कुजक्या फळांचा चिखल आणि त्यात औषधालाही रोप नाही. "यांचं बी या पाखराच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही," बाई म्हणाल्या. "ही झाडं म्हातारी होऊन मरतील. मग यांच्या पानांवर जगणारे किडे, त्या किड्यांवर जगणारी पाखरं. कुणी एकटं जात नाही, मामा." मामांनी एक फळ उचलून खिशात टाकलं. कशाला, ते त्यांनाही कळलं नाही.

चौथ्या हंगामात, भर दुपारी, मादी मेली. बाईंनी तिचं वजन केलं, डबीत ठेवलं आणि तोंड फिरवून गेल्या. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, असं पुटपुटत मामा मागच्या दाराच्या पायरीवर बसले.

तेवढ्यात मामी जेवणाचा डबा घेऊन धापा टाकत आल्या. गुडघे दुखत असतानाही फाटकापासून झपाझप. "काय हो, आज म्हातारपणी शिट्टी? केवढ्यांदा बोलावलंत! मला वाटलं काय झालं!"

"मी नाही गं बोलावलं."

आतून थोरला पुन्हा गायला. दोन आखूड, एक लांब. मग थांबला. उत्तर यायला जेवढा वेळ लागावा, तेवढा थांबला आणि पुन्हा गायला.

मामींनी डबा खाली ठेवला. मामा लहान मुलासारखे रडत होते. "तू आलीस," ते म्हणाले, "या शिट्टीवर तूच तेवढी येणार गं."