दुर्गाघाटावरचं अखिल हिंदुस्थान पारितोषिक

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच खोलीत बसली की कामं कमी होतात आणि किस्से साठत जातात. आमच्या समितीचं इतिवृत्त मीच लिहायचो. ठराव, सूचना, अनुमोदन, सगळं त्यात असायचं. मजा तेवढी बाहेर राहायची! ती आता सांगून टाकतो.

समितीचं नाव 'अखिल हिंदुस्थान मराठी ग्रंथ पारितोषिक समिती'. नाव एवढं मोठं, आणि जागा म्हणजे काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीतली, तळमजल्यावरची एक खोली. पाटीची शेवटची दोन अक्षरं भिंत संपल्यामुळे कोपऱ्यावरून वळून पलीकडे गेली होती.

अध्यक्ष दाजीशास्त्री. न्यायशास्त्राचे मोठे पंडित, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चिटणीस विसूमास्तर, शाळेत इंग्रजी शिकवायचे. परीक्षक गणूभटजी, पाठशाळेतले वैदिक. आणि मी लेखनिक. मला सगळे नाना म्हणत.

पहिल्या वर्षी आम्ही पुण्यापासून तंजावरपर्यंत पत्रं धाडली. मास्तर रोज टपालवाल्याची वाट बघत दारात उभे. दोन महिन्यांनी एक पुस्तक आलं. कुठून? शेजारच्या रामघाटावरून! लेखक स्वतःच पायी घेऊन आला आणि वर पाणी मागून प्यायला.

मास्तर अगदी हिरमुसले. दाजीशास्त्री म्हणाले, "रामघाट हिंदुस्थानातच आहे ना, मास्तर? मग झालं तर!"

त्या वर्षीचं पारितोषिक एकमतानं दिलं.

*

'अखिल हिंदुस्थान' या शब्दांनी आम्हाला एकदा भलताच पाहुणा मिळवून दिला. इंग्रजी अमल. असली पाटी दिसली की सरकारला वास यायचा. एके दिवशी दरोगासाहेब दोन शिपाई घेऊन हजर!

"यहाँ क्या होता है, पंडितजी?"

"किताबें पढ़ी जाती हैं," दाजीशास्त्री म्हणाले.

"फिर?"

"फिर झगड़ा होता है."

दरोगा सावध झाला. "किससे?"

"आपस में."

नेमकी त्या दिवशी बैठक होती. दरोगा तासभर बसला. एका नाटकावरून शास्त्री आणि मास्तर यांची अशी जुंपली की शिपाई मधे पडायला उठले. जाताना त्यानं आपल्या वहीत काय लिहिलं ते मी मान लांब करून वाचलं : 'सरकार को इनसे कोई ख़तरा नहीं. इनको ही इनसे है.'

मी ते इतिवृत्तात घ्यायचं म्हणत होतो. मास्तरांनी घेऊ दिलं नाही.

*

आता आमची पद्धत सांगायला हवी. शास्त्रीबुवांना दिसायचं नाही, म्हणून पुस्तक त्यांना ऐकवायचं. ऐकवायचं काम गणूभटजींचं. पण पुस्तक हातात धरून म्हणणं ही भटजींच्या लेखी अर्धी विद्या! ते प्रत घरी न्यायचे, महिन्याभरात पाठ करायचे, प्रत परत आणून फडताळात ठेवायचे आणि मग मांडी घालून पहिल्या पानापासून सुरू. मुखपृष्ठ, छापखान्याचा पत्ता, 'सर्व हक्क स्वाधीन', सगळं एका स्वरात. प्रेमपत्र असो की खून, स्वर तोच!

मास्तरांनी एकदा विचारलं, "भटजी, एवढी पुस्तकं डोक्यात राहतात कशी?"

"राहत नाहीत. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी गंगेत बुडी मारतो आणि सोडून देतो. ती जागा वेदाची आहे. पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

आणि खरंच, निकालानंतर विचारलं तर नायकाचं नावसुद्धा त्यांना सांगता यायचं नाही.

एका वर्षी नागपूरची एक कादंबरी आली. नायिका नवऱ्याचं घर सोडून जाते तो प्रसंग भटजींनी म्हटला आणि लगेच, अक्षरही न बदलता, पुन्हा म्हटला! दाजीशास्त्री थरारले. "वा! बाईचा पाय निघत नाही हो घरातून! काय पुनरुक्ती साधली आहे!" पारितोषिक त्याच कादंबरीला. मानपत्रात त्या पुनरुक्तीवर एक आख्खा परिच्छेद.

निकालानंतर मी प्रत उघडली. बांधणाऱ्यानं ते पान चुकून दोनदा बांधलं होतं!

मी भटजींना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "होतं ते म्हटलं. वगळायचा अधिकार मला कोणी दिला?"

*

त्याच नागपूरकराचा समारंभ बालाजी घाटावर ठेवला. पुस्तकातल्या चित्रात लेखकाला भरघोस कुरळे केस. आम्ही सगळे त्या केसांची वाट बघत होतो. होड्या येत होत्या, केस काही येईनात. पुढच्या पायरीवर एक मुंडण केलेला गृहस्थ येऊन बसला, तर दाजीशास्त्र्यांच्या मुलानं त्याला हात जोडून सांगितलं, "यात्रेकरूंनी जरा मागं बसायचं, बरं का."

तास गेला. शेवटी मास्तरांनी 'लेखक अनुपस्थित' असं जाहीर केलं, मानपत्र वाचलं आणि शाल-श्रीफळ टपालानं धाडायचं ठरलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. 'समारंभ फार सुरेख झाला. येताना प्रयागला उतरून मुंडण केलं होतं. मी मागच्या पायरीवर होतो, टाळ्याही वाजवल्या. मानपत्रातली पुनरुक्ती मात्र मला माझ्या प्रतीत कुठं सापडली नाही. कृपया पान कळवावं.'

उत्तर कोणी लिहायचं यावर तीन बैठका झाल्या. अजून गेलेलं नाही.

*

विसूमास्तरांची गोष्ट मात्र हसत सांगताना मला दर वेळी जड जातं.

'समितीच्या सभासदाचं पुस्तक स्पर्धेत घेऊ नये' हा नियम पहिल्याच बैठकीत मास्तरांनी मांडला, टेबलावर मूठ आपटून. तेव्हा त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं. पुढं त्यांनी कादंबरी लिहिली! स्वतः छापून घेतली. गठ्ठे समितीच्याच खोलीत रचले, हस्तलिखितही तिथंच. पहिल्या दोन प्रती शास्त्र्यांना आणि भटजींना दिल्या.

"नियमात बसली की ऐकू," म्हणून शास्त्रीबुवांनी प्रत कपाळाला लावून फडताळात ठेवली. महिन्याभरानं भटजींनीही आपली प्रत तिच्याशेजारी आणून ठेवली. काही बोलले नाहीत. मास्तरांचा विचारायचा धीर झाला नाही.

बाकी कोणाला ते प्रत देईनात. म्हणायचे, "आधी या दोघांनी काय ते ठरवावं. मग जग!" दाजीशास्त्र्यांनी एकदा ऐकून नुसतं 'बरं आहे' म्हणावं, एवढ्यासाठी तो माणूस झुरत होता.

दर होळीला ते राजीनामा द्यायचे, म्हणजे पुस्तक नियमात बसावं. आणि दर होळीला शास्त्रीबुवा तो नामंजूर करायचे. "छोडा हो मास्तर! तुम्ही गेलात तर पाकिटांवर इंग्रजीत पत्ते कोण लिहील?"

असे सात राजीनामे माझ्याकडे जमले आहेत.

मग एका श्रावणात गंगा चढली. सकाळी पायऱ्या दिसत होत्या, दुपारी दिसेनात. आम्ही होडीतून पोचलो तेव्हा खोली छतापर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर दार उघडलं. गठ्ठ्यांचा लगदा झाला होता. फडताळ आडवं. हस्तलिखित कुठलं ते ओळखूही येईना. मास्तर चिखलात बसून एकेक पान सोडवायला बघत होते आणि ते हातात विरघळत होतं.

"नवं लिहा, मास्तर," दाजीशास्त्री हळूच म्हणाले.

"नाही होणार, शास्त्रीबुवा. एकच होतं."

गणूभटजींनी पाय धुतले, वरच्या ओसरीवर जाऊन मांडी घातली आणि मला हाक मारली, "नाना, कागद घ्या."

मी कागद घेऊन बसलो. भटजींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. कादंबरीचं नाव. लेखकाचं नाव. छापखान्याचा पत्ता. सर्व हक्क स्वाधीन. प्रकरण पहिलं.

मास्तर चिखलाच्या हातांनी जिन्यावरच उभे राहिले.

चार दिवस लागले. भटजी म्हणत होते, मी लिहीत होतो. दाजीशास्त्री चार दिवस भिंतीला टेकले नाहीत. शेवटचं शुद्धिपत्रसुद्धा भटजींनी सोडलं नाही. मग पाणी मागितलं.

मास्तर भटजींजवळ येऊन बसले. "भटजी... सात वर्षं झाली हो. तुम्ही तर निकाल लागला की पुस्तक गंगेत सोडून देता!"

"देतो ना," भटजी भांडं खाली ठेवत म्हणाले. "पण याचा निकाल कुठं लागलाय?"