दाजींची उशिराची गाडी

आमच्या दाजींएवढा हरायला न घाबरणारा माणूस सोलापुरात दुसरा नसेल, कारण ते ज्या खेळांपायी वेडे आहेत त्यांत कुणी हरतच नाही. जिंकतही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान; आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. टॉवेलच्या कारखान्यात नक्षी काढायचे. उरलेल्या चौकटीच्या कागदावर घरी एखादं गाव काढायचे, त्याला नदी काढायचे आणि चार माणसं भोवती बसवून विचारायचे, "या गावात तू कोण? आता काय करणार?" जो जे सांगेल ते त्या गावात खरं. अडलं तर फासा टाकायचा. असे गोष्टींचे खेळ स्वतः लिहिणारी माणसं जगभर आहेत म्हणे. त्यांचा एक मेळा पुण्यात भरतो, आणि दाजी त्या लोकांशी फोनवर मुलीच्या सासरच्यांपेक्षा जास्त बोलायचे.

एकदा खेळात दाजींचा गुराखी मेला. दाजींनी दोन दिवस गोडाला हात लावला नाही. ताई शेजारणीला एवढंच म्हणाली, "त्यांचं कुणीतरी गेलंय." शेजारीण लगेच भेटायला आली, डोळ्यांना पदर लावून बसली आणि हळूच म्हणाली, "वय काय हुतं वो?" दाजी म्हणाले, "मागल्या रविवारीच जन्मला. पर लई गुणाचा हुता." पदर खाली घ्यावा की तसाच धरावा, हे तिला चहा येईपर्यंत कळेना.

त्यांच्या प्रत्येक खेळात मधोमध फुली काढलेला एक पत्ता असतो. गोष्टीत काही नको वाटलं की त्यावर बोट ठेवायचं. विषय तिथेच सोडायचा, का म्हणून कुणी विचारायचं नाही. दाजींनी हा नियम संसारालाही लावला. ताईने गळक्या नळाचं काढलं की यांचं बोट पत्त्यावर. शेवटी ताईने तोच पत्ता फाशांच्या डबीच्या झाकणावर चिकटवला आणि म्हणाली, "आता उघडा की."

मग दाजींनी स्वतःचा खेळ लिहिला. सोलापूरजवळच्या होटगी स्टेशनात गाडीला उशीर झालाय आणि चार प्रवासी आपण कुठे निघालो ते एकमेकांना सांगतात, एवढाच. पुण्याच्या मेळ्याला पाठवण्याआधी तो चौघांनी खेळून बघायला हवा होता. शेवटचा रविवार उरला, आणि जमले तिघेच: दाजी, शाळेतल्या एक बाई आणि एक रिक्षावाले चाचा. ताई म्हणाली, "नळ दुरुस्त हुईस्तवर मला बोलवू नका." मी चहा घेऊन गेले तर दाजी म्हणाले, "मेव्हणीबाई, बसा हितं. तुमच्याबिगर खेळ पुण्याला जात न्हाय."

चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लग्नात नाव घ्यायला मला इतका वेळ लागला की पंगत उठली होती. दाजींनी विचारलं, "तुमी कोण? कुटं निघालाय?" मी पत्त्यावर बोट ठेवलं. आणि खरंच कुणी का म्हणून विचारलं नाही. चाचा खेळातली आपली हरवलेली बकरी शोधायला लागले. मी गप्प का, हे आजवर मला सगळ्यांनी विचारलं होतं. न विचारणारे हे तिघे पहिलेच. बकरी सापडेपर्यंत माझा चहा संपला, आणि मग मीच म्हणाले, "मी सोलापूरला निघालेय. पाचवीत नाव घालायला."

माझी शाळा चौथीतच सुटली, हे दाजींना ठाऊक होतं.

"मग गाडी चुकवून जमायचं न्हाय की," चाचा म्हणाले.

"दप्तरात काय आहे?" बाईंनी विचारलं.

मी सांगत गेले. कोरी वही, दशम्या, खिडकीजवळचा बाक, त्या बाकावर माझ्या आधीच येऊन बसलेली भांडखोर मुलगी. चाचा हसून हसून खोकायला लागले. दाजींनी फासा टाकला. अजून एक तास उशीर. त्यांनी तो बघितला, उचलून खिशात टाकला आणि म्हणाले, "आली गाडी."

"अहो, नियम?" बाई म्हणाल्या.

"नियम मीच लिवलाय. मीच खोडतो."

आता दाजी आणि ताई पुण्याला मुलीकडे असतात. जाताना नळ मात्र दुरुस्त करून गेले. तिकडून त्यांनी छापलेला खेळ टपालाने पाठवला, लग्नपत्रिकेएवढा बारीक. शेवटच्या पानावर एक नवा नियम आहे: प्रवाशांपैकी कुणी शाळेत निघालं असेल, तर फासा टाकू नये. गाडी वेळेवर येते.

रविवारी दुपारी घर फार शांत असतं. मी ते पान काढून वाचते. कुठल्याशा गावात, मला न ओळखणारी चार माणसं होटगीला बसली असतील, आणि त्यांतल्या एकीसाठी गाडी येत असेल.