काकांची काचेची कचेरी

माझे काका नगरपालिकेत शाळांचा हिशेब ठेवायचे. स्वभावाने इतके बुजरे, की लग्नाच्या फोटोतसुद्धा ते मेहुण्याच्या मागे उभे आहेत. कचेरीत कपाटांच्या आडची जागा त्यांनी स्वतः मागून घेतली होती. चपला काढायच्या, खुर्चीत मांडी घालायची आणि पुटपुटत बेरजा करायच्या. आपण कुणाला दिसत नाही, यातच त्यांचं सुख होतं.

मग सरकारने शाळांच्या पैशाचे अधिकार खाली सोपवले. वरून मंजूर होऊन येणारा खर्च आता पालिकेनेच ठरवायचा. अट एकच, कारभार पारदर्शक हवा. अध्यक्षांनी हा हुकूम सभेत दोनदा वाचून घेतला आणि काचवाल्याला बोलावणं धाडलं. खर्च शाळादुरुस्तीच्या पैशातून झाला. अधिकार आता आपलेच होते. महिन्याभरात काकांचं टेबल रस्त्यालगतच्या व्हरांड्यात, काचेच्या खोलीत येऊन बसलं.

लोकांना वाटलं होतं, आत नोटांच्या थप्प्या दिसतील. दिसले काका. तरीही गर्दी हटेना. बाजारातून परतणाऱ्या बायका पिशव्या टेकवून घटकाभर बघत. काकांनी जांभई दिली, की पुढारी मंडळी जनतेच्या पैशाची काळजी करत. काकूंनी डब्यात रोज दोन भाज्या द्यायला सुरुवात केली, कारण आता घरची अब्रू चव्हाट्यावर होती. अगदीच असह्य झालं तेव्हा काकांनी पडद्यासाठी अर्ज केला. सभेत बरीच चर्चा होऊन पारदर्शक पडदा मंजूर झाला. तो रीतसर लागलाही.

एके दिवशी अध्यक्ष आत आले आणि त्यांनी शाळेच्या नव्या बाकांचं बिल टेबलावर ठेवलं. बाहेर ही गर्दी. काचेतून आवाज जात नसे, पण चेहरे दिसत, म्हणून अध्यक्ष तोंडभर हसत होते.

"सही करा," ते म्हणाले.

"बाकं आलेली नाहीत, साहेब," काकाही हसून म्हणाले.

"येतील. सही झाली नाही तर तुम्हाला कोंडवाड्यावर पाठवीन. हसत राहा, लोक बघतायत."

बाहेरचे लोक म्हणत होते, दोघांचं कसं अगदी सख्ख्या भावांसारखं जमतं. अध्यक्षांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून तो जोरात दाबला. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांचे गाल दुखायला लागले. नंतर ते आम्हाला सांगायचे, की तेव्हा धैर्यबिर्य काही नव्हतं. आता हसणं थांबवायला मिळावं, एवढीच इच्छा होती. त्यांनी हात लांब करून काचेतली सरकती खिडकी उघडली आणि समोरच उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "ताई, तुमच्या पोरांच्या शाळेत नवी बाकं आली का हो?"

"कसली बाकं?" ती म्हणाली. "पोरं तर फरशीवर बसतात."

खिडकी उघडी राहिली. गर्दी खिडकीपाशी सरकली. अध्यक्षांना हसू आवरतं घ्यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी बिल उचललं आणि बाकं वाटेत आहेत, असं मोठ्याने जाहीर केलं.

आठवड्याभरात बाकं खरंच आली. फक्त ती शाळेत गेली नाहीत. पारदर्शक कारभार बघायला येणाऱ्या नागरिकांना उभं राहावं लागतं, असं अध्यक्षांनी सभेत मांडलं आणि बाकं काचेच्या खोलीसमोर व्हरांड्यात मांडली गेली. बिल आता खरं होतं. काकांनी सही केली, पण काकूंना ते रुचलं नाही आणि त्या दिवशी काकांना डबा गेला नाही.

शाळेच्या बाई दोन दिवस वाट बघून थकल्या. तिसऱ्या दिवशी त्या अख्खा वर्ग घेऊन आल्या आणि मुलांना बाकांवर बसवून शिकवायला लागल्या. त्यांना उठवायचे अधिकार कुणाचे, यावर सभेचा निर्णय होईना. तोवर शाळेतली रिकामी खोली पालिकेने मोडक्या खुर्च्या ठेवायला घेऊन टाकली. वार्षिक अहवालात व्हरांड्याची नोंद 'नवी वर्गखोली' अशी झाली.

काका निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. बाई रजेवर असल्या, की सरकत्या खिडकीतून तेच मुलांशी बोलत त्यांची गणितं तपासायचे. जाता-येता काकू बघायच्या आणि घरी येऊन म्हणायच्या, एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी इतकं कधी बोलला नाही.