जीपचं मॅचिंग

मोशीला आमचा म्हशींचा गोठा खाली नदीकाठी आणि घर वर, रस्त्याला लागून. मधे काळ्या मातीचा चढ. पावसाळा सुरू झाला की दिवाळीपर्यंत तो चढ म्हणजे शिजत ठेवलेलं पिठलं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावातून एक म्हातारी जीप आणली होती आणि भोसरीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनला आमचं दूध तिच्यातून जायचं. दूध वेळेत पोचवणं माझ्याकडे होतं, जीप चालवणं धाकट्या दिरांकडे. माझे यजमान चिंचवडला टूलरूममध्ये होते. त्यांच्याकडे मत देणं होतं.

चढावर रोज एकच तमाशा. मागचं एक चाक चिखलात भिरभिर फिरायचं आणि त्याच्या जोडीचं, कोरड्या जागेवरचं चाक, मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखं ढिम्म उभं राहायचं. दोष डिफरन्शियलचा. दोन चाकांच्या मधला हा गोळा वळणावर दोघांना वेगवेगळं फिरू देतो, ते ठीक. पण चिखलात जे चाक नुसतंच गरगरतं, त्यालाच सगळं बळ देऊन मोकळा होतो. अशी माणसं कारखान्यातही असतात, असं यजमान म्हणाले.

कॅन्टीनचे सुपरवायझर मात्र चेष्टेच्या मूडमध्ये नव्हते. "बाई, खंडेनवमीला कामगारांच्या घरची माणसं येणार. बासुंदी आहे. आठच्या आत दूध आलं नाही, तर दसऱ्यापासून दुसरा गवळी."

म्हणजे खंडेनवमीच्या आत लॉक होणारा, दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारा डिफरन्शियल बसवायचा होता. मी कागदावर तीन प्रश्न लिहिले. अ‍ॅक्सलच्या म्हणजे चाक फिरवणाऱ्या सळईच्या टोकाचे दाते त्यात बसतात का? गोळा आमच्या खोक्यात मावतो का? आणि चढावर पुढच्या चाकांनाही जोर द्यावा लागतो, त्यांच्याशी त्याचं जमतं का?

दीर म्हणाले, "वहिनी, नजरेनं आणतो की."

"भाऊजी, ब्लाउजपीस घ्यायला आम्ही साडी सोबत नेतो. नजरेनं आणलेलं कधीच जुळत नाही."

म्हणून जीपचा एक अ‍ॅक्सल काढला, माझ्या जुन्या साडीत गुंडाळला आणि आम्ही दोघं बसने देहूरोडला निघालो. मी तो मांडीवर आडवा घेतला होता. कंडक्टरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग साडीकडे.

"मावशी, बाळाला वारा लागू द्या जरा."

"जीपचा अ‍ॅक्सल आहे."

"मग लगेज पडेल. बाळ असतं तर फुकट होतं."

देहूरोडला लष्करी भंगाराचं एक दुकान होतं. मालक चाचा म्हणून सगळ्यांना माहीत. त्यांनी पहिला नग दाखवला तो हंड्याएवढा.

"ये लो भाभी, एकदम रणगाड्याचा माल!"

"जीपला बसेल?"

"जीपला कशाला? जीपच ह्याच्यावर बसेल!"

दुसऱ्याच्या आतले दाते वेल्डिंगने कायमचे जोडून टाकले होते. चिखलात उत्तम, पण वळणावरही दोन्ही चाकं बरोबरच फिरणार. आमच्या गावात देवळापाशी असं वळण आहे की तिथे सायकलवालाही उतरतो. नको म्हटलं. तिसरा खरा शहाणा होता. सरळ चालताना आपोआप लॉक, वळताना टक-टक करत आपोआप सुटा. साडी सोडून अ‍ॅक्सलचं टोक आत घातलं. दाते असे गपकन बसले की चाचांनी स्वतःच टाळी वाजवली. मापंही जुळली. त्याच्यावर मोठं दातेरी चक्र आधीच चढवलेलं होतं, त्याला क्राऊन म्हणतात. म्हणजे आयता संच.

"आणि पुढच्या चाकांशी?" मी तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

दिरांना घाई झाली होती. "वहिनी, एका घरात दोन सुना जमतात, मग ह्यो गोळा न्हाई व्हय जमणार?"

दोन सुना कशा जमतात हे सुनांना ठाऊक असतं. पण बसची वेळ झाली होती. मीही प्रश्नावर रेघ मारली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो बसला. सासऱ्यांनी घरातले सगळे पाने, पकडी आणि हातोडे रॉकेलने धुऊन घेतले. सकाळी उजाडताना ते पाटावर ओळीने मांडून पूजा झाली. जीपला झेंडूचं तोरण चढलं. नव्या डिफरन्शियललाही हळदकुंकू हवं म्हणून सासरे जीपखाली गेले आणि बाहेर येताना स्वतःच्या कपाळाला ग्रीस लावून आले. एकदा पूजा झाली की दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही. आमच्याकडेच नाही, सगळीकडेच.

जीप चढ अशी चढली की सासरे ओरडले, "अरं, ही तर पळाया लागली!" मी मनात चाचांना दुवा दिला. तो डांबरी रस्ता लागेपर्यंत टिकला.

नाशिक रस्त्यावर जीप अचानक वासरासारखी उड्या मारू लागली. धप्प, कुं‍ई, धप्प. मागे दुधाचे कॅन एकमेकांवर आपटत होते. तेव्हा तिसरा प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर आला. नव्या क्राऊनच्या दात्यांची संख्या जुन्यापेक्षा वेगळी होती. पुढची चाकं एका हिशोबाने फिरत होती, मागची दुसऱ्या. चिखलात घसरून भागलं. डांबरावर घसरायला जागा नव्हती, म्हणून दोघांची भांडणं सुरू झाली.

"भाऊजी, फोर-व्हील काढा. पुढच्या चाकांचा जोर बंद करा."

"फोर-व्हीलचा दांडा तारेनं बांधलाय."

"का?"

"चढावर निसटतो म्हणून. तार पक्कडीनं पिळलीय चांगली."

"मग पक्कडीने सोडा."

दिरांनी मागे घराकडे पाहिलं. पक्कड घरी पाटावर होती, हळदकुंकू लावून.

आता विचार करा. मोशीपासून भोसरीपर्यंत फिटर, वेल्डर, टर्नर. ज्याच्या अंगावर दगड टाकाल तो पान्यासकट मिळायचा. आणि त्या सकाळी कुणीच पक्कड देईना. पहिल्या गॅरेजवाल्याने झेंडूखाली झाकलेल्या पेटीकडे हात केला. "ताई, जीव मागा, देतो. पक्कड आज न्हाई." सायकलवाल्याचा पंपसुद्धा पूजेत होता. चहाच्या टपरीवर मी सांडशी मागितली, तर टपरीवाल्याने ती स्टोव्हशेजारी हार घालून बसवली होती. तो फडक्याने पातेलं उचलत होता आणि बोटं झाडत होता.

"राव, भाजतंय की तुम्हाला," दीर म्हणाले.

"वर्षाचा सण हाय," तो म्हणाला.

आठ वाजत आले होते. पुढच्या घराच्या ओट्यावर एक बाई तव्यावरची भाकरी उलटत होती. शेजारी सांडशी, साधी, काळी, बिनफुलांची. मी धावत गेले.

"बाई, सांडशी द्याल का? हिची पूजा झालीय?"

"हिची?" ती हसायलाच लागली. "आमच्या ह्यांनी वर्षात न उघडलेला पाना पूजलाय. हिची कोण पूजा करतंय? घ्या."

सांडशीने तार सुटली. जीप थोडी मागे घेतली तसा चाकांमधला ताण उतरला आणि दांडा दिरांच्या एका लाथेत सरकून फोर-व्हील सुटलं. सांडशी परत देताना त्या बाईने विचारलं, "जीपला सांडशी लागती होय?" मी म्हटलं, "आमच्या जीपला लागते."

कॅन्टीनच्या दारात सुपरवायझर घड्याळाकडे बघत उभे होते. काटा आठवर होता, फार तर जरासा पुढे. त्यांनी कॅनचं झाकण उघडलं आणि थबकले. दुधावर लोण्याचे गोळे तरंगत होते. सगळा रस्ता जीपने ताक घुसळल्यासारखी मेहनत घेतली होती.

"म्हशीचं आहे," मी म्हटलं. "घट्ट आहे."

त्यांनी पळीने एक गोळा काढला, बोटावर घेतला, चाखला. मागे आचारी ओरडत होता, "साहेब, कढई तापलीय, काय ते लवकर बोला!"

"आधीचा गवळी पाणी घालून आणायचा," सुपरवायझर म्हणाले. "तुम्ही लोणी घालून आणता. ओता."

दसऱ्यानंतर दूध आमचंच राहिलं. चाचांनी आमचा जुना क्राऊन नव्या गोळ्यावर चढवून दिला, तेव्हा मागची-पुढची चाकं एका मताने फिरू लागली. या वेळी तिसऱ्या प्रश्नावर रेघ मारण्याआधी मी स्वतः दाते मोजले. चाचांनी दुसऱ्यांदा मोजले आणि दिरांना तिसऱ्यांदा मोजायला लावले.

पुढच्या खंडेनवमीला सासरे पाट मांडत होते. त्यांना सगळी हकिगत माहीत होती, आणि मनाने फार चांगला माणूस. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, आपली सांडशी पण दे. सांडशीचा मान हाय."

मी दिली नाही. पदराखाली धरली आणि जीपमध्ये जाऊन बसले.