साडेचारशेच्या पुढचा डब्ल्यू

गास गावची माझी मैत्रीण स्कूटीवरून आली ती ओढणीत गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड घेऊनच. तिच्या भावाने नवं घेतलं होतं, म्हणून जुनं आमच्या नशिबी आलं. मला तर ते हातात घेऊन नाचावंसं वाटत होतं. आमच्या विरारच्या घरातल्या कॉम्प्युटरवर शर्यतीचा गेम लावला, की गाडी वळणावर यायची आणि तिथेच गोठायची. पुढचं चित्र उमटेपर्यंत ती भिंतीवर आदळलेली असायची. आता मात्र सुसाट!

अडचण एकच. कॉम्प्युटर आईचा होता. ती घरी बसून लग्नपत्रिका टाइप करायची, त्यांची प्रुफं तपासायची आणि सीडीवर भरून वसईच्या प्रेसमध्ये पोचवायची. त्या मशीनवर तिची कमाई होती, आणि मी त्याच्या झाकणाला हात लावला तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"जळलं तर?" तिने विचारलं.

"टेन्शन नका घेऊ काकी," मैत्रीण म्हणाली, "आधी एसएमपीएसला झेपतं का ते बघू, मगच बसवू."

एसएमपीएस म्हणजे आत सगळ्यांना वीज पुरवणारा पत्र्याचा डबा. आम्ही कॅबिनेट उघडलं, धुळीने दोघी शिंकलो आणि हिशोबाला बसलो. प्रोसेसर किती खातो, हार्ड डिस्क किती, सीडी रायटर किती, पाहुणं म्हणून येणारं कार्ड किती. बेरीज अडीचशे वॅटच्या आसपास आली. डब्यावरच्या स्टिकरवर ठसठशीत छापलं होतं, ४५०.

"अगं, निम्मा तर उरतोय!" मैत्रीण ओरडली. मी तिला टाळी दिली. आम्ही एकमेकींना इंजिनिअर म्हणूनही टाकलं. कार्ड आता खाचेत जाणार, एवढ्यात आई चष्मा पुसत आली आणि म्हणाली, "थांबा, मला बघू दे."

आईच्या नजरेतून अक्षर सुटायचं नाही. एकदा एका पत्रिकेत 'शुभविवाह' वर नको तिथे टिंब पडून 'शुंभविवाह' झाला होता. मुलीकडच्यांनी वाचला, मुलाकडच्यांनी वाचला, प्रेसवाल्यानेही वाचला. पकडला आईने. ऐनवेळी एका टिंबासाठी तिने सगळी छपाई थांबवली होती. आता तीच नजर आमच्या डब्यावर फिरायला लागली आणि मी मनात म्हटलं, झालं, आता संध्याकाळ होणार.

"हे साडेचारशे कसले?"

"वॅट, काकी."

"लिहिलंय कुठे? पुढे डब्ल्यू नाही."

आम्ही वाकून बघितलं. खरंच नव्हता. ४५० च्या आधी मात्र बारीक अक्षरांत 'मॉडेल' असं होतं. म्हणजे ते त्या डब्याचं नाव होतं! आई स्टिकरच्या तळाशी पोचली, तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत कमाल क्षमता दिली होती. दोनशे वॅट, आणि इथे डब्ल्यू अगदी व्यवस्थित.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," आई म्हणाली. मैत्रीण खो खो हसायला लागली. मला रडू येत होतं. कार्ड हातात आणि गाडी भिंतीतच!

आई मात्र हसली नाही. ती स्टिकरवर बोट ठेवून उभी होती. "सीडी भरायला घेतली की मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू होतं," ती हळूच म्हणाली, "ते यानेच का गं?"

मैत्रिणीने मान डोलावली. "रायटर फिरायला लागला की लोड वाढतो. याला तेवढाही झेपत नसेल."

"चला मग स्टेशनजवळ. आत्ताच."

दुकानात आईने एकेक डबा उलटा करून प्रुफासारखा वाचला. दुकानदार नावं सांगायचा, आई म्हणायची, "नाव राहू द्या, डब्ल्यू दाखवा." शेवटी एक पसंत पडला. तो उचलतानाच कळलं, आमच्या जुन्या डब्याच्या दुप्पट वजनाचा होता.

घरी येऊन तो बसवला, कार्ड बसवलं, वायरी दोनदा तपासल्या. बटण मी दाबलं. पंखा गरगरला, पडदा उजळला आणि गेम सुरू झाला. काय सांगू! रस्त्यावर झाडांच्या सावल्या होत्या, गाडीच्या काचेवर आकाश सरकत होतं, आणि वळण आलं तरी गाडी वळतच होती! मी किंचाळले, मैत्रीण माझ्या पाठीत धपाटे घालत होती.

"आता पत्रिकेची सीडीही भरा," आई म्हणाली. "गेम चालू असतानाच."

"काकी, सीडी वाया जाईल."

"जाऊ दे. कोरी दुसरी आहे. दोन्ही एकदम चालवा."

रायटर घरघरला. मी गाडी हाकत होते, पण माझं अर्धं लक्ष आईकडे होतं. ती टेबल दोन्ही हातांनी धरून उभी होती. मशीन काही बंद पडेना. मग ट्रे आपणहून बाहेर आला, भरलेली सीडी घेऊन.

आईने ती उचलली, उजेडात धरली आणि तशीच फोनकडे गेली. प्रेसवाल्याचा नंबर तिने फिरवला. आजवर मशीन बंद पडून उशीर झाला, की दर वेळी तिने त्याची माफी मागितली होती, 'माझ्याच हातून चुकून काहीतरी बटण दाबलं जातं' म्हणून.

"पत्रिका तयार आहे," ती मोठ्याने म्हणाली, "आणि ऐका, माझं काही चुकत नव्हतं."